सालीतले औषध

ऊन, पाऊस, बुरशी, किडे आणि पक्षी यांचा मारा फळावर होतो तो आधी सालीवर. आतले बी पक्व होईपर्यंत फळ कुजू नये आणि कोणी खाऊ नये, यासाठी झाड सालीत तुरट, कडू, उग्र वासाची आणि गडद रंगाची रसायने साठवून ठेवते. तुरटपणा टॅनिनांचा असतो, कडवटपणा बहुतांशी फ्लॅव्होनॉइड आणि लिमोनॉइड गटांतल्या संयुगांचा, वास सालीतल्या बारीक तैलग्रंथींमधल्या उडून जाणाऱ्या तेलांचा आणि लाल-जांभळा रंग अँथोसायनिनांचा. गरात ही द्रव्ये कमी असतात, कारण पिकल्यावर गर खाल्ला जावा आणि बी दूरवर पोहोचावे हीच झाडाची सोय असते. त्यामुळे जो भाग माणूस टाकून देतो, त्यातच औषध शोधणाऱ्याला अधिक सापडते.

टाकून दिला जाणारा हा भाग थोडाथोडका नसतो. डाळिंबाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा साल आणि आतले पापुद्रे मिळून होतो. संत्र्या-मोसंब्याचा रस काढणाऱ्या कारखान्यात आलेल्या फळाचा जवळजवळ अर्धा भाग साल, चोथा आणि बिया म्हणून मागे उरतो.

सालीत औषधी द्रव्ये असतात, याबद्दल वाद नाही. ती किती असतात, शरीरात कुठवर पोहोचतात आणि तिथे पोहोचल्यावर काय करतात, हे मात्र प्रत्येक सालीसाठी वेगळे तपासावे लागते. महाराष्ट्राच्या रोजच्या ओळखीची तीन फळे घेतली, सोलापूरचे डाळिंब, नागपूरचे संत्रे आणि कोकणातला रातांबा, तर तीन अगदी वेगळी चित्रे दिसतात.

त्याआधी अर्क म्हणजे काय हे पाहायला हवे. घरचा काढा हा सर्वांत जुना अर्क. शार्ङ्गधरसंहितेत भरड केलेल्या औषधाच्या सोळापट पाणी घेऊन ते मंद आचेवर एक अष्टमांश उरेपर्यंत आटवण्याची रीत सांगितली आहे. उकळत्या पाण्यात टॅनिने, साखरा, क्षार आणि पेक्टिन उतरतात. तेले वाफेबरोबर निघून जातात आणि मेणासारखी स्निग्ध द्रव्ये सालीतच राहतात. अल्कोहोल वापरले तर फ्लॅव्होनॉइडे अधिक सुटतात. हेक्झेनसारख्या द्रावकात केवळ स्निग्ध भाग येतो. लिंबूवर्गीय सालींचे तेल तर काही न तापवता, नुसते दाबून काढतात. म्हणजे एकाच सालीचे चार अर्क चार वेगळी औषधे म्हणावीत इतके निराळे असू शकतात. संशोधनातल्या बऱ्याच प्रयोगांत मेथॅनॉल वापरलेले असते, कारण त्यात फिनॉल गटातली संयुगे भरपूर उतरतात. मेथॅनॉल स्वतः विषारी आहे, म्हणून ते पूर्ण उडवून उरलेला कोरडा अर्क तपासतात. अशा अर्कावरून काढलेला निष्कर्ष घरच्या काढ्याला जसाच्या तसा लावणे चूक आहे, आणि वर्तमानपत्री आरोग्यसल्ल्यांत ही चूक सर्रास होते.

डाळिंबाच्या सालीची बाहेरची बाजू चामड्यासारखी चिवट आणि आतली बाजू पिवळसर, भुसभुशीत असते. ती वाळवून कुटून पाण्यात उकळली की गडद पिवळे-तपकिरी पाणी होते. त्यात हिराकशीच्या पाण्याचे दोन थेंब टाकले तर ते पाणी डोळ्यांदेखत निळसर काळे पडते. सालीतली टॅनिने लोहाशी बांधली जातात, त्याचा हा रंग. याच गुणामुळे कापड रंगवणारे डाळिंबाची साल पिवळ्या रंगासाठी आणि हिराकशीच्या जोडीने करड्या-काळ्या रंगासाठी वापरत आले आहेत. रोमन लोक ती कातडे कमावायला वापरत. तिला ते मॅलिकोरियम म्हणत आणि प्लिनीने तिची नोंद करून ठेवली आहे.

या टॅनिनांपैकी सर्वांत महत्त्वाचे प्युनिकॅलॅजिन. त्याचा रेणू चांगलाच मोठा, रेणुभार सुमारे १०८४. ते पाण्यात विरघळते आणि प्रथिने दिसली की त्यांना चिकटून त्यांचा साका करते. साल चावली की तोंड कोरडे पडून आवळल्यासारखे होते ते यामुळेच. लाळेतली वंगणासारखी काम करणारी प्रथिने टॅनिनांबरोबर साकळतात आणि जिभेला खरखर जाणवते. आतड्याच्या अस्तरावरही तसेच घडते. वरच्या थरातली प्रथिने घट्ट होतात, स्राव कमी होतो, आणि जंतूंची प्रथिनेही या तावडीत सापडतात. आयुर्वेदाने डाळिंबाच्या सालीला ग्राही म्हटले, जुलाब आणि आवेवर ती ताकातून किंवा काढ्यातून दिली, खोकल्यात तिचा तुकडा तोंडात धरायला सांगितला, हिरड्यांतून रक्त येत असेल तर तिच्या काढ्याने चुळा भरायला सांगितले. या सगळ्या उपयोगांत एक गोष्ट समान आहे. औषध जिथे लागते तिथेच काम करते, रक्तात जाण्याची त्याला गरज पडत नाही. डाळिंबाच्या सालीच्या बाबतीत परंपरा आणि रसायनशास्त्र यांचा इतका चांगला मेळ बसतो तो इथेच.

मेळ बसतो म्हणजे सगळे काम भागते असे नव्हे. जुलाबात माणूस दगावतो तो शरीरातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. काढ्याने शौचाची संख्या कमी झाली तरी गेलेले पाणी आणि मीठ परत येत नाही. त्यासाठी जलसंजीवनीच द्यावी लागते. लहान मुलाला जुलाब होत असताना, किंवा शौचातून रक्त पडत असताना, काढ्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

मुळाची साल आणि फळाची साल यांतली गल्लत तर त्याहून वाईट. इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमाराच्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये जंतांवर डाळिंबाच्या मुळाचा उपाय आहे, आणि पट्टकृमीवर मुळाची साल देण्याची प्रथा पुढे अनेक देशांत होती. त्या सालीत अल्कलॉइडे असतात. १८७८ साली शार्ल तांरे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ती वेगळी केली आणि क्विनाइनच्या शोधातला एक भागीदार पिएर-जोसेफ पेल्तिए याच्या सन्मानार्थ पेलेटिएरिन हे नाव दिले. मात्रा जास्त झाली तर ही द्रव्ये मज्जासंस्थेला अपाय करतात. फळाच्या सालीचा गुण टॅनिनांचा आहे आणि मुळाच्या सालीचा अल्कलॉइडांचा, त्यामुळे एकीचा अनुभव दुसरीला लागू पडत नाही.

प्युनिकॅलॅजिन आतड्यापलीकडे जाते का? जसेच्या तसे जवळजवळ जात नाही. आतड्यात त्याचे तुकडे होऊन एलॅजिक आम्ल बनते, तेही फारसे शोषले जात नाही, आणि मोठ्या आतड्यातले काही जिवाणू त्याच्यापासून युरोलिथिन नावाची लहान संयुगे तयार करतात. रक्तात सापडतात ती बहुतांशी ही युरोलिथिने. ती बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात सारखे नसतात. काही लोकांत युरोलिथिने भरपूर बनतात, काहींत वेगळ्या प्रकारची, काहींत जवळपास नाहीतच. एकाच घरातल्या दोन माणसांनी एकच चूर्ण घेतले तरी त्यांच्या रक्तात पोहोचणारे द्रव्य निराळे असू शकते. डाळिंबाच्या सालीने हृदय सुधारते, कर्करोग थांबतो, अशी विधाने सरसकट करता येत नाहीत याचे हे एक मोठे कारण आहे.

उलट त्वचेवर लावण्याच्या उपयोगात संशोधन आश्वासक आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी डाळिंबाच्या सालीचा अर्क आणि जस्ताचे आयन एकत्र करून हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूवर तपासले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दोन्ही एकत्र असताना विषाणू निष्प्रभ करण्याची शक्ती कितीतरी वाढलेली दिसली. ओठांवर येणाऱ्या तापाच्या फोडांसाठी मलम, अशी त्यामागची कल्पना. इथेही औषध लागते तिथेच काम करते.

सोलापुरात २००५पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूर डाळिंबाला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दाणे आणि रस यांच्या उद्योगातून सालींचे ढीग त्या भागात कायम उपलब्ध असतात. कच्चा माल इतका जवळ असताना मुखशुद्धीची द्रावणे आणि जखमेवरची मलमे यांवर अधिक भर दिला जायला हवा. वजन उतरवण्याच्या आणि रक्तशुद्धीच्या चूर्णांपेक्षा तिथे यश मिळण्याची शक्यता खूपच जास्त आहे.

संत्र्याची साल दोन थरांची असते. वरचा नारिंगी थर तैलग्रंथींनी भरलेला आणि आतला पांढरा, कापसासारखा. वरच्या थराची ओळख सहज पटते. सालीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीजवळ दुमडून दाबला की बारीक फवारा उडतो आणि ज्योतीत तडतड ठिणग्या उठतात. हे तेल. त्यातला नऊ दशांशाहून अधिक भाग लिमोनीन नावाच्या एकाच संयुगाचा असतो. लिमोनीन स्निग्ध पदार्थ उत्तम विरघळवते. या गुणाचा उपयोग जपानी डॉक्टरांनी १९७०नंतर पित्ताशयातले कोलेस्टेरॉलचे खडे विरघळवण्यासाठी करून पाहिला. तेल पोटात न देता ते नळीने सरळ पित्तमार्गात सोडत. काही रुग्णांत खडे विरघळलेही. पुढे दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया सोपी झाली आणि हा मार्ग मागे पडला. संत्र्याची साल खाऊन पित्ताचे खडे विरघळतात असा निष्कर्ष यातून काढता येत नाही.

औषधाच्या दृष्टीने खरी श्रीमंती आतल्या पांढऱ्या थरात आहे. १८२८ साली लब्रेतों या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने त्यातून हेस्पेरिडिन वेगळे केले. त्याचे काय करायचे हे शंभर वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. नंतर हंगेरीत आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्याकडे हा धागा आला. केशवाहिन्या नाजूक होऊन त्वचेखाली रक्त साकळणाऱ्या रुग्णांना शुद्ध क जीवनसत्त्वाने गुण येत नव्हता. मात्र लिंबाच्या आणि मिरचीच्या अशुद्ध अर्काने येत होता. अर्कात आणखी काहीतरी आहे, या तर्काने त्यांनी आणि रुस्न्याक यांनी १९३६ साली लिंबापासून मिळवलेल्या फ्लॅव्होनॉइडांच्या मिश्रणाला ‘पी’ जीवनसत्त्व म्हटले. पुढच्याच वर्षी सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रामुख्याने पेशींमधल्या ऑक्सिडीकरणावरच्या आणि क जीवनसत्त्वाच्या कामाबद्दल. ‘पी’चे प्रयोग मात्र इतरांना खात्रीशीरपणे पुन्हा करून दाखवता आले नाहीत आणि १९५०च्या सुमाराला ते नाव मागे घेतले गेले. जीवनसत्त्व म्हणजे जे न मिळाल्याने ठरावीक आजार होतो ते. त्या कसोटीला हेस्पेरिडिन उतरले नाही.

तरीही केशवाहिन्यांवर त्याचा काही परिणाम होतो ही मूळची शंका पुरती चुकीची ठरली नाही. हेस्पेरिडिनवर आयोडीनची प्रक्रिया करून त्यातून डायॉस्मिन बनवतात. डायॉस्मिन ४५० मिलिग्रॅम आणि हेस्पेरिडिन वर्गातली फ्लॅव्होनॉइडे ५० मिलिग्रॅम अशी गोळी आज मूळव्याध आणि पायांच्या शिरा फुगण्याच्या विकारात भारतासह अनेक देशांत डॉक्टर लिहून देतात. सालीपासून निघून औषधाच्या दुकानात मानाने जाऊन बसलेले हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण. या वर्गातल्या औषधांचा कॉक्रेन समूहाने २०१२ साली घेतलेला आढावा सांगतो की मूळव्याधीत रक्त पडणे, खाज आणि स्राव यांत त्यांनी फरक पडतो. शिरांचा ताण वाढतो आणि केशवाहिन्यांतून होणारी गळती कमी होते, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. मूळव्याधीचे कोंब त्याने नाहीसे होत नाहीत.

या गोळीच्या घडणीत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. डायॉस्मिन संत्र्याच्या सालीत तयार मिळत नाही, हेस्पेरिडिनचे रासायनिक रूपांतर करून ते मिळवावे लागते. शिवाय ही द्रव्ये पाण्यात फार कमी विरघळतात, म्हणून त्यांचे कण दोन मायक्रॉनच्या आतबाहेर येईपर्यंत दळतात, तेव्हा कुठे आतड्यातून शोषण पुरेसे होते. सालीची घरगुती पूड पाण्याबरोबर घेतल्याने ही गोळी घेतल्यासारखे होत नाही.

वाळलेल्या संत्रासालीचा औषध म्हणून पद्धतशीर वापर सर्वांत जास्त चीनमध्ये झाला. ग्वांगडोंग प्रांतातल्या शिनह्वेची मँडरिन संत्र्याची साल, चेनपी, वर्षानुवर्षे मुरवून ठेवतात. ती पचनाच्या तक्रारी आणि कफ यांवर देतात आणि स्वयंपाकातही घालतात. चिनी औषधकोशाने चेनपीत हेस्पेरिडिन किमान ३.५ टक्के असावे अशी अट घातली आहे. पारंपरिक औषधाला अशी मोजता येणारी अट लावली की भेसळ आणि निकृष्ट माल ओळखता येतो. आपल्याकडे संत्र्याची वाळवलेली साल दिवाळीच्या उटण्यात हमखास असते. ती सुगंधासाठी आणि अंग घासण्यासाठी असते आणि त्या कामाला उत्तम आहे.

पांढऱ्या थरातले दुसरे मोलाचे द्रव्य पेक्टिन. १८२५ साली आंरी ब्राकोनो यांनी ते ओळखले. जॅम आणि जेली घट्ट होते ती याच्यामुळे. जगातले बरेचसे पेक्टिन आज लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून निघते. पोटात गेल्यावर ते पाणी धरून चिकट होते आणि पित्तातली आम्ले अडकवून बाहेर नेते. ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१०मध्ये हा परिणाम मान्य केला, पण दिवसाला किमान ६ ग्रॅम पेक्टिन पोटात जावे अशी अट ठेवून. पेक्टिन रक्तात शिरतच नाही. त्याचे सगळे काम आतड्यातच होते.

तिसरी साल सर्वांत वेगळी, कारण ती टाकून दिली जात नाही. रातांबा, म्हणजे कोकमाचे फळ, फोडतात, बी आणि गर वेगळा करतात, साल मीठ घातलेल्या त्याच्या रसात बुडवतात आणि उन्हात वाळवतात. पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, अशी पुटे देत साल काळसर, मऊ आणि आंबट-खारट झाली की ती आमसूल. कोकणात आणि गोव्यात सोलकढी, आमटी, माशांचे सार यांत ती रोज लागते. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे. अंगावर पित्त उठले, लालसर गांधी आल्या, की आमसूल पाण्यात कोळून ते अंगाला लावण्याची रीत कोकणात घरोघर आहे. लाल रंग सायनिडिनच्या दोन अँथोसायनिनांचा, पिवळसर भाग गार्सिनॉल या संयुगाचा. गार्सिनॉल प्रयोगशाळेत जंतूंना आणि दाहाला रोखते असे दिसले आहे.

जगभर गाजले ते मात्र सालीतले आम्ल. कोकमाचा केरळी भाऊबंद असलेल्या कुडमपुळीच्या सालीत मुख्य आम्ल कोणते, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत लुइस आणि नीलकांतन यांनी १९६५मध्ये ठरवले. ते हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल निघाले. तोपर्यंत ते टार्टारिक किंवा सायट्रिक असावे असा समज होता. कोकमाच्या वाळलेल्या सालीतही ते दहा-बारा टक्के असते. काही वर्षांतच अमेरिकेत असे दिसले की हे आम्ल शरीरातले एक विशिष्ट विकर रोखते. साखरेपासून चरबी बनवण्याच्या वाटेवर हे विकर आवश्यक असते. उंदरांची भूक आणि वजनवाढ कमी झाली. मग काय, आंबट सालीचे अर्क गोळ्यांत भरून वजन घटवण्याच्या नावाखाली विकले जाऊ लागले.

माणसांवरची निर्णायक चाचणी १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आली. १३५ स्थूल व्यक्तींना दोन गटांत वाटून बारा आठवडे एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आणि दुसऱ्याला दिसायला तशीच बिनऔषधी गोळी दिली. दोघांचा आहार सारखाच कमी उष्मांकांचा. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले, न घेणाऱ्यांचे ४.१ किलो. म्हणजे वजन आहाराने उतरले. पुढे २००९मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने हायड्रॉक्सिकट या वजन घटवणाऱ्या उत्पादनाबाबत यकृताच्या गंभीर इजेचा इशारा दिला आणि ते बाजारातून मागे घेतले गेले. त्यात अनेक घटक होते, पण त्याच्या काही प्रकारांत गार्सिनियाचा, म्हणजे कोकम आणि कुडमपुळी ज्या गटातली त्या झाडांचा, अर्कही होता, आणि त्यानंतर गार्सिनियाच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या स्वतंत्र नोंदीही झाल्या आहेत. सोलकढीतले चार आमसुलांचे तुकडे आणि रोज दोन-तीन वेळा घेतलेला घट्ट अर्क यांत मात्रेचा प्रचंड फरक आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्वयंपाकातला निर्धोकपणा गोळीला आपोआप मिळत नाही.

प्रयोगशाळेतले यश शरीरात का टिकत नाही, हे एका साध्या हिशेबाने कळते. समजा, एखादा साल-अर्क बशीतले जंतू मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम या तीव्रतेला रोखतो. प्रौढ माणसात सुमारे ५ लिटर रक्त असते. रक्तात ती तीव्रता आणायची तर २५ ग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात असायला हवा, आणि शोषण शेकडा पाच झाले तर पोटात अर्धा किलो जायला हवा. हे अशक्य आहे. तोच अर्क चुळा भरण्यासाठी वापरला तर ५ मिलिग्रॅमची तीव्रता सहज साधते. म्हणूनच सालींच्या अर्कांचा पक्का पुरावा तोंड, आतडे आणि त्वचा इथे गोळा होतो.

प्रतिऑक्सिडीकारक गुणांच्या चाचणीचेही असेच. डीपीपीएच नावाच्या गडद जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब टाकतात, रंग फिकट पिवळा होतो, आणि तो किती उतरला ते मोजतात. जवळजवळ प्रत्येक साल या परीक्षेत चांगले गुण मिळवते. ती एवढेच सांगते की अर्क नळीत इलेक्ट्रॉन देऊ शकतो. यकृतातून रूपांतरित होऊन आलेल्या त्याच द्रव्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

वनस्पतीतले द्रव्य रक्तापर्यंत पोहोचून औषध व्हायचे तर किती वळणे घ्यावी लागतात, याचा नमुना सफरचंदाच्या झाडाने दिला आहे. त्याच्या मुळाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन मिळाले. फळाच्या सालीतही ते अल्प प्रमाणात असते. १८८६मध्ये फोन मेरिंग यांना दिसले की त्याने लघवीवाटे साखर जाते. पण ते आतड्यातच मोडून जात असल्याने तोंडाने देऊन उपयोग नव्हता. रेणूची रचना बदलत बदलत रसायनतज्ज्ञांनी न मोडणारी रूपे घडवली. त्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिनला २०१२ साली युरोपात मधुमेहाचे औषध म्हणून मान्यता मिळाली. पहिल्या शोधापासून १७७ वर्षे गेली होती, आणि शेवटच्या गोळीत झाडाचा अंशही नव्हता.

सालीतली काही द्रव्ये अपायही करतात. कागदी लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिने असतात. लिंबाची साल चेहऱ्याला चोळून उन्हात गेले तर अतिनील किरणांमुळे ती त्वचा भाजल्यासारखी करतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. याच कुळातली संयुगे ग्रेपफ्रूट आणि पपनस यांत आहेत. ती आतड्यातले औषधे मोडणारे एक विकर बंद पाडतात, त्यामुळे रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांची रक्तातली पातळी नको तितकी चढते. कॅनडात डेव्हिड बेली यांच्या गटाला १९८९ साली हे योगायोगाने कळले. प्रयोगात दिलेल्या दारूची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. ज्यांना बिब्बा उततो त्यांच्या अंगावर आंब्याच्या सालीच्या चिकानेही पुरळ उठू शकते, आणि अशांनी त्या सालीचे चूर्ण तोंडावर लावू नये. डाळिंबाच्या सालीचा काढा जेवणाबरोबर घेतला तर हिराकशीच्या प्रयोगात दिसले तेच पोटात होते. अन्नातले लोह बांधले जाते आणि शोषले जात नाही. ज्या बायकांच्या रक्तात आधीच लोह कमी आहे, त्यांनी तो जेवणापासून दूर ठेवणे किंवा टाळणेच बरे.

फवारणीचा विचार तर सर्वांत आधी करायला हवा. डाळिंबावर तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण आणि इतर औषधे हंगामभर फवारली जातात. संत्र्यावर कीटकनाशकांखेरीज चकाकीसाठी मेणही चढवलेले असते. यांतले बरेच काही सालीवरच राहते. गर खाणाऱ्याला त्याची झळ कमी लागते, साल खाणाऱ्याला सगळी. साल वाळली की तिच्यातले पाणी जाते आणि उरलेल्या प्रत्येक ग्रॅममागे अवशेषांचे प्रमाण आणखी वाढते. धुतल्याने वरचा थर काही अंशी जातो, पण सालीच्या तेलात आणि मेणात मुरलेला भाग जात नाही. म्हणून औषधासाठी साल घ्यायची तर ती फवारणी थांबवून पुरेसा काळ लोटलेल्या किंवा सेंद्रिय बागेतली हवी, सावलीत पातळ पसरून लवकर वाळवलेली हवी, कारण ओलसर सालीवर बुरशी धरते, आणि तिच्या पाकिटावर मुख्य द्रव्याचे प्रमाण तपासून लिहिलेले हवे.